सगळ्या बेटाचा एकच पॅक

“‘प्रिय’ काढून टाका,” दोमितिला म्हणाली. “पोरगा तुमचाच आहे. त्याला माहीत आहे.”

“बरं, काढ,” एउदोसिया म्हातारी म्हणाली. ती दारात बसून बटाटे किसत होती आणि किसता किसता पुएर्तो मोंत शहरातल्या लेकाला पाठवायचा मेसेज सांगत होती. “पुढे लिही, तांबडी गाय व्यायली, कालवड झाली, बापाचा गुडघा जरा बरा आहे, पण ऐकतोय कुठे, काल परत सफरचंदाच्या झाडावर चढला...”

“गाय व्यायली. बाबा बरे. झालं.”

“आणि झाड?”

“झाड लांबतं, एउदोसियाबाई. झाड घातलं तर दोन मेसेज होतात.”

“मग गुडघा काढ, झाड ठेव. झाडाचं ऐकून हसेल तरी.”

दोमितिलाने मनातल्या मनात गुडघा काढला, झाड ठेवलं आणि ती पुढच्या घराकडे वळली.

केन्वाक बेटावर मोबाइलची रेंज एकाच ठिकाणी यायची, टेकडीवरच्या दफनभूमीत. मग घराघरात फोन घेऊन आणि घराघरात रिचार्ज मारून करायचं काय? बेटाने मिळून एकच फोन ठेवला होता आणि त्यावर एकच मेसेजचा पॅक. सगळ्यांनी वाटणी द्यायची. ज्यांच्याकडे रोख पैसे नसायचे ते अंडी द्यायचे, लोकर द्यायचे, धुरावर सुकवलेल्या, खायच्या शिंपल्यांची माळ द्यायचे. पॅकमध्ये मेसेज मोजून मिळत, त्यामुळे माणसं थोडक्यात बोलायला शिकली होती. लांबच्या नातेवाइकांशी भांडणंसुद्धा कमी झाली होती, कारण भांडणाला दोन मेसेज कोण घालणार?

दोमितिलाला लिहिता यायचं, तिचे पाय चांगले होते आणि घरी तिची वाट बघणारं कोणी नव्हतं. एवढ्या तीन गुणांवर बेटाने हे काम तिच्या गळ्यात घातलं होतं. पन्नाशी उलटलेली बाई, लग्न झालेलं नाही, आईचं दुखणं शेवटपर्यंत काढलेलं. स्वेटर विणून पोट भरायची. रोज दुपारी ती घरोघरचे निरोप डोक्यात भरून घ्यायची आणि टेकडी चढायची.

वर कबरींवर लाकडाची बुटकी घरं होती. उतरतं छप्पर, छोटं दार, खिडकीला पडदा, आत मेणबत्ती. सगळ्यात चांगली रेंज दोमितिलाच्या आईच्या घराला होती. जिवंतपणी म्हातारी कोणाशी धड दोन शब्द बोलली नाही आणि आता सगळं बेट तिच्या उंबऱ्यावरून बोलत होतं. दोमितिला त्या उंबऱ्यावर टेकायची, अंगठ्याने एकेक निरोप लिहायची, पाठवायची आणि मग उत्तरं येईपर्यंत बसून राहायची.

हे बसून राहणं तिला फार आवडायचं. समुद्रावरून धुकं वर यायचं आणि खालची घरं एकेक करून पुसली जायची. कुत्र्याचं भुंकणं तेवढं उरायचं, कुठून येतंय ते कळायचं नाही. डोळा लागल्यासारखा व्हायचा. दिवसभर वाहून आणलेले शब्द तेव्हा तिच्याभोवती मोकळे फिरायचे. स्वेटर पोचला का. नाताळला येशील ना. तुझ्यावाचून करमत नाही. ते कोणी कोणाला म्हटले होते हे त्या गुंगीत तिला आठवायचं नाही. पुएर्तो मोंतला तिचाच मुलगा असायचा, पुन्ता अरेनासला तिचीच सून बाळंत व्हायची, आणि करमत नाही असं कोणीतरी तिलाच म्हटलेलं असायचं. मग मांडीवरचा फोन थरथरायचा आणि तो मुलगा पुन्हा एउदोसियाचा व्हायचा.

उतरताना ती घरोघर उत्तरं देत जायची. वाटेवरचं शेवटचं घर रोसामेल बार्रीआचं, किनाऱ्यालगत. तो होड्या दुरुस्त करायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वेटरला लाकडाचे छिलके चिकटलेले, कानामागे पेन्सिल, असा तो फाटकाशी उभा असायचा.

“काही आहे का, शेजारीणबाई?”

पूर्वी असायचं. त्याचा भाऊ एलिसेओ पार दक्षिणेला पुन्ता अरेनासकडे मेंढ्या कातरायला गेला आणि तिकडचाच झाला. त्याचे मेसेज यायचे. इथे बर्फ पडलं. दात काढला. होडी कुठवर आली? मग एका हिवाळ्यात भावजयीचा मेसेज आला. दोमितिलाने तो आईच्या उंबऱ्यावर बसून पुन्हा पुन्हा वाचला. त्या दिवशी ती बाकीच्या कुठल्याच घरी थांबली नाही. फाटकाशी येऊन म्हणाली, “शेजारी, एलिसेओ गेला.” रोसामेलने फाटकाची फळी दोन्ही हातांनी धरली आणि तो बराच वेळ तसाच उभा राहिला. तीही उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती उतरली तर तो पुन्हा फाटकाशी होता.

“काही आहे का, शेजारीणबाई?”

“आज काही नाही, शेजारी.”

“बरं. उद्या बघू.”

त्याला मेसेज करणारं या जगात आता कोणी उरलं नव्हतं. हे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. तरी तो रोज विचारायचा आणि ती रोज नाही म्हणायची. मग ओहोटीचं निघायचं, ओल्या लाकडाचं निघायचं, कोणाचं डुक्कर कोणाच्या बटाट्यात शिरलं ते निघायचं. अंधारून आलं की ती घरी जायची. फाटकाच्या आत ती कधी गेली नव्हती. निरोप फाटकावरच देता येतो.

मग एका वसंतात लाँचमधून खोकी उतरली आणि दवाखान्याच्या छपरावर एक पांढरी थाळी बसली. सरकारी इंटरनेट आलं, फुकट. त्याचा आवाका चॅपलच्या ओसरीपर्यंत होता. रविवारी प्रार्थना संपल्यावर दोमितिलाच्या भावाची मुलगी यास्ना सगळ्यांसमोर उभी राहिली. यास्ना चार वर्षं कास्त्रो शहरात राहून आलेली, तिला यातलं कळायचं.

“मेसेजच्या पॅकचे पैसे आता कशाला भरायचे?” ती म्हणाली. “नेटवरून मेसेज फुकट जातो. बोललेलं जातं, फोटो जातो. पाहिजे तेवढं लांब बोला, कोणी मोजत नाही. आणि आत्या, तुझे पायही वाचतील.”

सगळे हसले. दोमितिलाही हसली. पाय वाचवून त्यांचं करायचं काय, हे तिने विचारलं नाही.

बघता बघता कोणाच्या भाच्याने, कोणाच्या जावयाने जुने फोन पाठवले. दुपार झाली की ओसरीच्या बाकांवर जागा मिळेना. जो तो फोन कानाला लावून मान वाकडी करून बसलेला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अख्ख्या बेटाला कानदुखी झाली आहे. एउदोसिया तर पहिल्या दिवशी लेकाशी इतकं बोलली की तिचा आवाज बसला.

“झाडाचं सगळं सांगितलं,” ती दोमितिलाचा हात धरून म्हणाली. “गुडघ्याचंही. किती वर्षांचं तुंबलं होतं गं.”

दोमितिलाला तिच्यासाठी खरंच आनंद झाला. म्हातारीचं एवढं सगळं आपण गाळत आलो, याचं थोडं वाईटही वाटलं.

महिना संपला आणि पॅक संपला. त्या दुपारी नेहमीच्या वेळेला तिने शाल घेतली, दारापर्यंत गेली, आणि शाल काढून परत खुंटीला लावली. रोसामेलच्या फाटकावरून जायला तिला कोणी अडवलं नव्हतं. पण जायचं काय म्हणून? ‘काही नाही’ हा निरोप घेऊन फाटकाशी उभं राहणं वेगळं आणि नुसतंच जाऊन उभं राहणं वेगळं. पहिल्याला कोणी हसत नाही. ती चुलीजवळ बसली आणि तिला रडू आलं. पॅकसाठी नव्हे. उद्या बघू असं म्हणणारं आता कोणी नाही, यासाठी.

रोसामेल ओसरीत दिसायचा नाही. तो कशाला येईल? चॅपलच्या प्रार्थनेलासुद्धा तो मागच्या बाकावर बसून आधी निघून जायचा.

यास्नाने आत्यालाही एक फोन दिला, सगळं घालून दिलं. दोमितिला तो घेऊन ओसरीच्या टोकाला बसायची. ज्यांच्याशी ती इतकी वर्षं बोलली, ती सगळी दुसऱ्यांची माणसं होती. फोन गप्प असायचा. ती विणायला घ्यायची आणि धुक्यात बघत राहायची, पण ती टेकडीवरची गुंगी इथे येत नव्हती. कानात सगळ्यांचे आवाज असायचे, ज्याचा त्याचा.

असाच एक पावसाळी दिवस होता. ती शाल झटकून बाकावर बसतेय तोच यास्ना आली.

“आत्या, बार्रीआकाकांचं काय चाललंय?”

“का, काय झालं त्याला?”

“आमची होडी दुरुस्त केली ना त्यांनी, तर पैसे नकोत म्हणाले. जुना फोन असेल तर द्या म्हणाले. बेटावरचे सगळे नंबर मीच घालून दिले त्यात. बोललेलं पाठवायचं कसं, तीन-तीनदा विचारून गेले. आणि आज सकाळी इथे, या पावसात! ओसरीत कोणी नव्हतं तरी आत येईनात. फोन टोपीखाली धरून पायरीवर उभे. गेलं का, गेलं का, एवढंच विचारत होते. म्हटलं, काका, घरी बोलून ठेवलेलं इथे आल्यावर आपोआप जातं, गेलंय. तर म्हणाले, नक्की ना?”

“कोणाला पाठवलं?”

“ते कुठले सांगतात!”

तेवढ्यात ओसरीतलं नेट पकडून दोमितिलाच्या मांडीवर फोन थरथरला. तिने तो उचलला, उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि यास्नाने दाखवलं होतं तसं दाबून कानाला लावला.

आधी पाऊस ऐकू आला, लाकडी छपरावर पडणारा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. चुलीत लाकूड तडतडलं. कोणीतरी घसा साफ केला. “शेजारीणबाई,” रोसामेल म्हणाला, आणि थांबला. तिने फोन कानाशी घट्ट दाबला. त्याचा श्वास ऐकू येत होता. होडीवर रंधा मारताना लागतो तसा, जड. किटलीचं झाकण हळूहळू वाजायला लागलं आणि वाजतच राहिलं. कितीतरी वेळ त्या स्वयंपाकघरात दुसरं काही झालं नाही. मग टक् झालं आणि सगळं थांबलं.

शेजारच्या बाकावरून एउदोसियाने विचारलं, “कोणाचं गं? काय म्हणतोय?”

“पाणी उकळलंय म्हणतोय,” दोमितिला म्हणाली.

तिने विणकाम गुंडाळलं, शाल डोक्यावरून घेतली आणि ती किनाऱ्याच्या वाटेला लागली. वळणापर्यंत तिच्या पाठीमागे ओसरीतले आवाज येत होते, मग तेही धुक्यात गेले. फाटकाशी आज कोणी उभं नव्हतं. ती तिथे थांबली नाही. कडी काढली आणि आत गेली.