गप्प बसवलेला आवाज

"कला कुठल्याही यंत्राची गुलाम नसते, आणि हे ज्या दिवशी रनाळ्याच्या माणसाला कळेल, त्या दिवशी मोठमोठ्या शहरांतले स्टुडिओ आपोआप बंद पडतील," असं भूपेशने अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी फुईच्या पुढच्या खोलीत उभं राहून जाहीर केलं. मग त्याने पेनड्राइव्ह टीव्हीत घातला. टीव्हीने थोडा विचार केला आणि कळवलं, की हे मला चालवता येत नाही.

"उलटा घाला व्हई," सुपडूआप्पा म्हणाले.

पेनड्राइव्ह उलटा जात नाही, हे आप्पांना समजावून सांगायच्या आधी भूपेशने तो गुपचूप एकदा उलटा घालून पाहिला.

छबूबाई ही भूपेशची सख्खी फुई, म्हणजे बापाची बहीण, आणि सुपडूआप्पा तिचे यजमान. त्यांच्या रुपाचं लग्न माघात झालं. भूपेश गावातला फोटो-व्हिडिओवाला, त्यामुळे लग्नाचा सिनेमा हा त्याच्याकडून बहिणीला आहेर होता. सिनेमाच, 'शूटिंग' म्हटलेलं त्याला चालत नसे. दोन महिने तो त्यावर बसला होता. एरवी अखजीला माहेरवाशीण आणायला भाऊ जातो, पण या वेळी शहाद्याचे व्याही आणि विहीणबाई स्वतःच रुपाला सोडायला येणार होते. त्यांना सिनेमा बघायचा होता. फुईने हे गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं होतं, आणि जावेच्या घरी दोनदा.

"उद्या याहीसनी समोर नाक कापाई, भूप्या," फुई म्हणाली.

"फुई, उद्या पाठवणीच्या सीनला याहीनच्या डोळ्याला पदर नाही लागला, तर भूपेश नाव सांगणार नाही," असं म्हणून तो मोटारसायकल काढून नंदुरबारला निघाला. पाठीवरच्या बॅगेत त्याचा मॅक होता. हा मॅक सुरतच्या एका एडिटिंगवाल्याने वापरून दमवलेला होता आणि सुरत-भुसावळ गाडीने, गोधडीत गुंडाळून, खिडकीकडच्या सीटवर बसून आला होता. तो आल्यापासून भूपेश विंडोजवाल्यांशी जरा जपूनच बोलत असे.

अकील विंडोजवाला होता. कॉलेजात भूपेशच्याच बाकावर बसणारा, आता मिरची बाजाराजवळ कॉम्प्युटरचं दुकान. तिथे गिऱ्हाईक आधी शिंकतं आणि मग कामाचं बोलतं. अकीलच्या कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढलेलं होतं आणि त्याच्यासमोर टेबलफॅन लावलेला होता.

"याला ताप आलाय का?" भूपेशने विचारलं.

"गरीब का है, भो. पसीना आता है," अकील म्हणाला. "बोल, काय अडलं?"

अडलं बरंच होतं. मॅकवर तयार केलेला पेनड्राइव्ह विंडोज ओळखेचना. ओळख द्यायची सोडून त्याने हा पेनड्राइव्ह साफ पुसून टाकू का, असं अदबीने विचारलं, आणि अकीलचं बोट सवयीने 'हो'कडे निघालं. भूपेश इतक्या जोरात ओरडला, की शेजारचा मिरचीवाला बाहेर येऊन बघून गेला. मग मॅक आणि विंडोज दोघांनाही कळेल अशा दुसऱ्या पेनड्राइव्हवर मॅकमधून फाईल उतरवली.

"आता हे एमओव्हीचं एमपीफोर करायचं," अकील म्हणाला. "माल तोच, फक्त खोका बदलायचा. तुझा खोका टीव्हीच्या दारातून आत जात नाही."

खोका बदलायला दुपार गेली. पडद्यावर रुपा, नवरदेव, मांडव सगळं नीट हलताना दिसलं. अकीलने स्पीकरची वायर शोधायला टेबलाखाली हात घातला.

"एकदा ऐकून घे ना, भो."

"आवाज मी स्वतः लावलाय," भूपेश म्हणाला. "सनई, व्हायोलिन, पाठवणीला बासरी. तुझ्या या डब्यावर वाजवून त्याची चव घालवू नको."

अकीलने हात परत घेतला. माणूस शहाणा होता, पण मित्र होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुईच्या पुढच्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. व्याही आणि विहीणबाई सोफ्यावर. रुपा आईच्या मागे, भिंतीला टेकून. जसोदाबाई, फुईची मोठी जाऊ, खुर्ची घेऊन नेमकी टीव्हीच्या बटणासमोर, गळ्यात लग्नातलाच ठसठशीत नेकलेस. रिमोट आप्पांच्या हातात. भूपेश दारात हाताची घडी घालून उभा होता. सिनेमावाले असेच उभे राहतात.

पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उडाल्या, त्यातून रुपाचं नाव आलं. सनई मात्र आली नाही. तिच्याऐवजी कानाशी बोलल्यासारखा एक जाड आवाज आला:

"लागी गया का लाल दिवा? लागी गया. सकायपासून कोन्ही चहाबी ईचारा नही."

खोलीतल्या सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. तो आवाज त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. भूपेशच्या हाताची घडी सुटली.

कॅमेऱ्याचा माइक असतो कॅमेऱ्यावर, आणि कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असतं ते कॅमेरावाल्याचं तोंड. लग्न भटजींचं, वाजंत्र्यांचं, वऱ्हाडाचं असेल, पण त्या माइकच्या दृष्टीने ते फक्त भूपेशचं असतं. आणि शूटिंग करताना पुटपुटायची सवय भूपेशला पहिल्या कॅमेऱ्यापासून होती. नंतर वर गाणी चढतात, मग काय बिघडतं?

घोड्यावर नवरदेव आला. "हास ना भो. लगनले चालना का दात उपटाले?"

दोनचार जण फसकन हसले. व्याहीसुद्धा हसले. त्यांना पुढे काय आहे ते माहीत नव्हतं. भूपेशला ते अंधुक आठवू लागलं होतं.

"आप्पा, बंद करा, फाईल खराब शे," तो पुढे सरकत म्हणाला.

"चांगली तं चाली ऱ्हायनी," आप्पा म्हणाले आणि त्यांनी आवाज वाढवला. त्यांना ऐकू कमी येतं.

वरात आली. बॅन्डसमोर व्याही हात वर करून नाचत होते. "याही नाची ऱ्हायनात का ईंचू चावना?"

व्याह्यांचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं, फक्त त्यातून ते स्वतः निघून गेले.

भूपेश बटणाकडे झेपावला. "बठ ना खाले, भाऊ, माले दिसत नही!" जसोदाबाईंनी त्याला हाताने बाजूला केलं, कारण पडद्यावर त्या स्वतः आल्या होत्या. "जसोदामाय, पदर कितला सरकावशी? दिसी गया नेकलेस. ऊनमा नको उभी ऱ्हाऊ, पिवया रंग उतरी जाई."

नेकलेसवर पदर ओढला गेला. जसोदाबाई उठल्या आणि कुणाच्या तरी चपला पायात घालून निघून गेल्या. बटणाची वाट मोकळी झाली, पण तोवर भूपेश त्यांना थांबवायला दारापर्यंत गेला होता. पुढे पंगत आली, "आप्पानी दायमा आखो एक बादली पानी वती, याहीनले पोहाले येत व्हई तं बरं," आणि विहीणबाईंनी हळूच समोरच्या फरशीकडे पाहायला सुरुवात केली.

मग पाठवणी आली.

फुलांनी सजवलेली गाडी. रुपा आईच्या गळ्याला लागलेली. फुईचे डोळे कोरडे. "फुई, रड ना," कॅमेऱ्यामागून आवाज आला. "थांब, पानी येई ऱ्हायनं," पडद्यावरची फुई म्हणाली. "दिन डुबी ऱ्हायना, लवकर." फुईने तोंड वाकडं केलं, आणि मग ती खरोखरच हुंदके देऊ लागली. इथे बासरी होती. बासरीच्या जागी तो आवाज स्वतःशीच, हलक्या मजेत म्हणाला:

"कसानं रडनं? पोर गई यानं दुख नही, उजवाई गई यानं सुख शे. इतला वरीस कोन्ही घेतच नव्हतं."

भूपेशने प्लग उपटला. काळ्या झालेल्या पडद्यात सगळी खोली दिसत होती. त्यात रुपा आईकडे बघत होती आणि आई चुलीकडे निघाली होती.

"जेवानं दखू," फुई म्हणाली.

आणि अखजीच्या पंगतीत पाहुण्यांना वाढायचं असतं ते माहेरवाशिणीच्या भावाने. सख्खा नसेल तर मामेभावाने. भूपेश वरणाची बादली घेऊन विहीणबाईंसमोर वाकला. फुईने आज वरण असं घट्ट केलं होतं, की पळी उभी राहत होती. विहीणबाईंनी वाटीत पाहिलं, बादलीत पाहिलं, मग भूपेशकडे पाहिलं.

"तवयबी चांगली व्हती हो दाय," त्या म्हणाल्या. "पातय व्हती, पन चांगली व्हती."

पाणी वाढायला गेला तर व्याह्यांनी ग्लासावर हात ठेवला. आप्पा जेवलेच नाहीत. पोट बरं नाही, म्हणाले. पाहुणे रात्री राहणार होते. त्यांना शहाद्यात अचानक काम निघालं. निघताना व्याह्यांनी भूपेशचा खांदा थोपटला आणि एवढंच म्हणाले, "मोकया मानूस शे." त्यापेक्षा त्यांनी कानाखाली दिली असती तर भूपेशला पुष्कळ बरं वाटलं असतं.

गोठ्यात म्हशीशेजारी बसून त्याने अकीलला फोन लावला. अकीलने सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या फाईलमध्ये दोन आवाज होते, भो. एक कॅमेऱ्याचा, एक गाण्याचा. कॅमेऱ्याचा तू पुसला नव्हता?"

पुसला नव्हता. मोठे स्टुडिओ मूळ आवाज सांभाळून ठेवतात, असं भूपेशने कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्यानेही ठेवला होता, आतल्या आत बंद करून. मॅकला ते ठाऊक होतं. तो आवाज तिथे तोंडावर बोट ठेवून बसलेला असे.

"मॅकने त्याला गप्प बसवलं होतं," अकील म्हणाला. "माझ्या सॉफ्टवेअरला ते कोण सांगणार? दोन आवाज दिसले, पहिला उचलला. एकापुरतीच जागा ठेवतं ते." मग जरा थांबून म्हणाला, "मी बोललो होतो, ऐकून घे म्हणून."

"हो," भूपेश म्हणाला. एवढं आखूड वाक्य तो बऱ्याच वर्षांनी बोलला.

दोष अकीलवर ढकलता येईना, विंडोजवर ढकलता येईना. खोका बदलला होता हे खरं, पण माल त्याचाच होता. लहानपणी आई शेतात गेली की ज्या बाईने जेवू घातलं, तिच्या आसवांवर तो हे बोलला होता, आणि बोलताना त्याला मजा वाटली होती. म्हैस रवंथ करत त्याच्याकडे बघत होती. त्याने तोंड फिरवलं.

उन्हं कलल्यावर फुईचं बोलावणं आलं. अंगणातल्या निंबाला अखजीचा झोका बांधला होता आणि रुपा त्यावर बसली होती. तो दिसताच झोका थांबला. ती त्याच्याकडे बघेना. तो खाली मान घालून ओट्यावर गेला. फुई सुपात गहू निवडत होती.

"फुई, आजपासून क्यामेराले हात लावनार नही. तुन्ही शप्पथ."

फुई एक खडा वेचून बाहेर टाकत म्हणाली, "मी सकायमज रडी लिधं व्हतं. गहूनी कोठीनी मांगे. गाडी उनी तवय पानीच उरनं नव्हतं डोयामा. तू कोठे व्हता तवय?"

भूपेशला आठवलं. खोटं बोलायची ताकद नव्हती.

"नवरदेवना बूट लेई ऱ्हायंतू. स्लो मोशनमा."

फुईने दुसरा खडा वेचला. झोका पुन्हा हलला नाही. रुपा उतरली, येऊन आईजवळ बसली आणि सुपाची एक बाजू धरून निवडू लागली. मग उठली, आतून चहा आणला आणि त्याच्या हातात न देता त्याच्या बॅगेवर ठेवला. त्यात साखर नव्हती. त्याने तो सगळा प्यायला.

"मॅकमधलं, अकीलकडचं, पेनड्राइव्हमधलं, सगळं आत्ताच्या आत्ता पुसी टाकस," तो उठत म्हणाला. "एक शब्द ठेवत नही."

"थांब," फुई म्हणाली.

तिने वाकून गल्लीच्या त्या टोकाला, जावेच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तरी तिने आवाज खाली आणला आणि कमरेचा मोबाईल काढून त्याच्यापुढे धरला.

"ते नेकलेसनं जे बोलना ना तू, तेवढंच आठे टाकी दे. मन्हा मोबाईल जुना शे, यामा चाली असा खोका कर."