माझा आखूड पाय

मित्रांनो, मी मुरुम गावाजवळच्या एका शाळेतला जुना बाक आहे. सुताराने मला बाभळीच्या लाकडातून मजबूत बनवलं, फक्त एक पाय बोटभर आखूड ठेवला. त्यामुळे कोणी हललं की मी खडखडतो. एरवी माझी तब्येत ठणठणीत आहे.

माझ्यावर शिवलीला बसते. धडा आवडला की तिचे पाय झुलतात आणि मी वाजू लागतो. कंटाळा आला की ती अगदी स्तब्ध. तिच्या मनातलं मला असं बसल्या जागी कळतं, याचा मला जरा गर्वही आहे.

यंदा बेंबळीकडचे रणधीर सर नवीनच नोकरीला लागून आले. उमदा माणूस, शिकवायची हौस दांडगी. पण त्यांच्या लेखी हाताची घडी, ताठ पाठ आणि फळ्यावर डोळे म्हणजेच लक्ष. पहिल्या बाकावरचा श्रीशैल तासभर पापणी लवू देत नसे. तो लगेच लाडका झाला.

एकदा सर फळ्यावर भाकरी काढून अपूर्णांक शिकवत होते. मी रंगात येऊन खडखडत होतो. सर थांबले. "शिवलीला, समजलं का?"

"हौद, सर."

सरांनी खिडकीबाहेरच्या पाण्याच्या हौदाकडे पाहिलं. "हौदाकडं काय बघायलीस? फळ्याकडं बघ. आता सांग, समजलं?"

"हौद," ती पुन्हा म्हणाली.

मग सरांचा राग माझ्यावर निघाला. "हा बाकच पोरीला चाळे शिकवायलाय. उद्या फोडा आन् खिचडीच्या चुलीत घाला."

मित्रांनो, मी फार घाबरलो. खिचडीचा वास मला आवडतो, पण तिच्याखाली जळत तो घ्यायची माझी तयारी नव्हती.

सकाळी शेजारच्या वर्गाच्या जुन्या शिक्षिका, शांताक्का बाई, खडू मागायला आल्या. मला दाराबाहेर काढलेलं पाहून त्यांनी कारण विचारलं आणि ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या.

"सर, तिच्या घरी कन्नड बोलतेत. हौद म्हंजे व्हय. लेकरू कवापस्नं तुम्हाला व्हय म्हणायलंय."

"पण बाई, तिचे पाय सारखे हलायलेत."

"हलतेत तवर ती तुमच्यासंगं हाय. थांबले की समजायचं, गेली." मग त्या श्रीशैलकडे वळल्या. "का रे, काल सरांनी काय शिकवलं?"

श्रीशैल ताठ उभा राहिला. "हाताची घडी."

सर ओशाळले, मग मनापासून हसले. सरांनी आणि बाईंनी मला उचलून आत ठेवलं. आता मी गप्प झालो की सर फळा पुसतात आणि म्हणतात, "चला, पुन्हा सांगतो." ते ऐकून माझा ऊर भरून येतो.

मित्रांनो, मला पुसत जा, माझ्यावर कर्कटकाने नावं कोरू नका. पण दया येऊन माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठा मात्र घालू नका.