बाईंचा कोर्स मी एकट्यानंच पूर्ण केला

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. झाकण उघडलं की करकरतो आणि चार्जर काढला की लगेच मान टाकतो. पूर्वी मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात नटबोल्ट मोजायचो. तिथं नवे लॅपटॉप आले आणि साहेबांनी मला जवळच्या वस्तीवरच्या शाळेला देऊन टाकलं. शाळेत मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. एवढा मान मला कारखान्यात कधी मिळाला नव्हता.

त्याच वर्षी सहावीला संगणकाचा नवा विषय आला. संगणकाला पायरीपायरीनं सूचना देऊन त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं, हे पोरांनी शिकायचं होतं. त्याआधी शिक्षकांनी ते ऑनलाइन कोर्समधून शिकायचं होतं. सुकेशनीबाई मोठ्या हौसेनं माझ्यासमोर बसल्या. पण त्यांच्याकडं दोन वर्ग, वर घरोघरचं सर्वेक्षण आणि पोषण आहाराची माहिती. पहिलाच व्हिडिओ दर वेळी अर्धवट राहायचा.

शेजारच्या वर्गाचे बन्सी सर म्हणाले, "मॅडम, कशाला जीव काढता? व्हिडिओ चालू ठिवा अन् वर्गावर जा. समदे तसंच करतेत. परीक्षेची उत्तरं ग्रुपवर येतेत."

मग काय, मी ऑफिसात एकटाच बडबडत बसलो. समोर खुर्ची, खुर्चीवर खडूचा डबा. मी इतकं जीव तोडून शिकवलं, त्या डब्याच्या डोक्यात काही शिरलं असेल तर शिरो! बाईंना प्रमाणपत्र मिळालं. सभेत टाळ्या पडल्या.

वर्गात मात्र बाईंची बोबडी वळायची. त्या पुस्तकातला धडा वाचून दाखवायच्या आणि पोरांकडून मला नुसतं चालू-बंद करून घ्यायच्या. कोर्स पुन्हा बघावा म्हणून त्यांनी किती खटपट केली! पण त्याची मुदत संपली होती. तसं पडद्यावर दाखवताना मला रडू यायचं.

दिवाळी झाली. वस्तीवरचे धनगर मेंढरं घेऊन बाहेर निघाले. त्यांच्यातल्या पुतळाबाई दर साली आपल्या लेकीला, मोनालीला, सोबत न्यायच्या. यंदा पोरगी सहावीत संगणक शिकते म्हणून तिला चुलतीकडं ठेवायचं ठरलं होतं. निघायच्या दिवशी त्या शाळेत आल्या.

"बाई, पोरगी काय शिकली ते एकडाव दावा. मंग मला वाटंनं घोर नाय."

मोनालीनं मला चालू केलं. मग बंद केलं. पुन्हा चालू केलं आणि आईकडं बघून हसली.

"अन् म्होरं?" पुतळाबाईंनी विचारलं.

सुकेशनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुतळाबाई, पोरीचा दोष नाही. मलाच येत नाही. मी शिकलेच नाही हो! पण तिला नेऊ नका. मी कुणाकडून तरी शिकते."

"व्हय बाई. पर कोकरं लई झाली यंदा, सांभाळाया मानूस नाय. शिकत आसती तं ठिवली आसती."

त्या रागावल्या नाहीत, हेच बाईंना जास्त लागलं. पोरीचं दप्तर टेबलावर ठेवून त्या तिला घेऊन गेल्या.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असं मी मागत नाही. माझं काय राहिलंय आता! पण सहावीत अजून पोरं आहेत, आणि पुढच्या दिवाळीलाही मेंढरं निघतील. तुमच्या घरात कुणाला हे संगणकाचं खरंच येत असेल, तर त्यांना इकडं पाठवा. शाळा सुटली तरी बाई घरी जात नाहीत. त्यांना विचारायची लाज उरलेली नाही. त्यांना फक्त कुणीतरी शिकवा.