शून्य येत नाही

आदिनाथ गंगाखेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायचा. सकाळी पोखर्णीहून मोटारसायकलवर जायचा, दुपार कलली की परत. डिसेंबरातल्या एका तासाला त्यानं बारावीच्या पोरांना सांगितलं, की इलेक्ट्रॉनसारखा कण अडथळ्याशी आला आणि तो ओलांडायची ताकद त्याच्यात नसली, तरी कधी कधी तो पलीकडं सापडतो. भिंतीला भोक पडत नाही, कण वरूनही जात नाही, तरी पलीकडं असतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, आन् माणूस?"

"गणितात शून्य येत नाही," आदिनाथ म्हणाला, "पण वाट बघत बसू नका." पोरं हसली आणि तास संपला.

वर्गात पोखर्णीचीच मंजुषा होती. तिनं संध्याकाळी गल्लीत ही गंमत आदिनाथच्या आईला, कस्तुराबाईला सांगितली. कुणाच्या घरी काय सांगतोय, हे त्या पोरीच्या ध्यानात आलं नसावं. कस्तुराबाईचा थोरला मुलगा हरिओम सहा महिन्यांपासून परभणीच्या तुरुंगात होता.

झालं होतं ते असं. पेरणीच्या तोंडावर हरिओमची आणि भावकीतल्या दत्तरावची बांधावरून बोलाचाली झाली. बांध हातभर सरकला होता, एवढंच. हरिओमनं हातातलं फावडं उलटं केलं आणि दांडा घातला. पहिला दांडा रागाच्या भरात बसला, असं वकील म्हणायचा. दुसरा त्यानं खाली पडलेल्या माणसाला घातला होता, आणि तो कस्तुराबाईनं न्याहारी घेऊन येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. दत्तराव पुन्हा शुद्धीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. तेव्हापासून कस्तुराबाई कामापुरतंच बोलायची.

त्या संध्याकाळी मात्र आदिनाथचं ताट वाढता वाढता तिनं विचारलं, "आदि, मंजी सांगायली ते खरं हाय का? भिंतीतून जाता येतं?"

"तिनं अर्धंच सांगितलं."

"मग तू सगळं सांग."

त्यानं सांगितलं. शिकवायची सवय होती, आणि आई कितीतरी दिवसांनी आपणहून काही विचारत होती, म्हणून जरा जास्तच नीट सांगितलं. कण जितका हलका आणि भिंत जितकी पातळ, तितकी शक्यता जास्त. सूर्य पेटलेला राहतो तोही यामुळंच. पण माणसात असे कण मोजता येणार नाहीत इतके. ते सगळे एकाच वेळी पलीकडं निघाले पाहिजेत. तसं घडायच्या आत सूर्य विझून जाईल, त्याच्यासारखे आणखी कितीतरी विझतील.

"पण न्हाईच, असं न्हाई."

"माय, नसल्यात जमा हाय ते."

"शून्य हाय का? तेवढं सांग."

आदिनाथचा हात भाकरीवर थांबला. त्याला तेव्हाच 'हो' म्हणता आलं असतं. पण फळ्यासमोर जे बोललो ते घरात बदलायचं, हे त्याला जमलं नाही. "शून्य येत न्हाई," तो म्हणाला.

कस्तुराबाईनं त्याच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली आणि स्वतःचंही ताट वाढून घेतलं.

दर पंधरा दिवसांनी तो तिला परभणीला मुलाखतीला न्यायचा. मधे जाड काच, दोन्ही बाजूंना फोन. आधी कस्तुराबाई फोन कानाला लावून वीस मिनिटं नुसती रडायची. आता ती बोलायला लागली. हात हलवून, काचेशी तोंड नेऊन काहीतरी समजावून सांगायची, आणि हरिओम मान डोलवायचा. आदिनाथ मागं दाराशी उभा असायचा, तिथल्या गलक्यात त्याला ऐकू यायचं नाही. आई बोलती झाली याचंच त्याला बरं वाटलं.

मार्चमध्ये एकदा हरिओम काचेपलीकडं येऊन बसला, तर त्याच्या गळ्याची हाडं वर आलेली. निघताना दारावरचा शिपाई म्हणाला, "तुमचा भाऊ दोन-दोन दिवस ताटाला हात लावत न्हाई. समजावून सांगा त्याला."

परतीच्या वाटेवर आदिनाथनं ते आईला सांगितलं. मागच्या सीटवरून ती शांतपणे म्हणाली, "मीच मनले त्याला. हलकं व्हायला लागतं, तूच सांगितलास ना. रोज भिंतीला टेकून बसायचं बी सांगितलंय."

आदिनाथनं गाडी कडेला घेतली. एक उसाचा ट्रॅक्टर गेला, दुसरा गेला. "माय, तसं न्हाई गं ते," तो म्हणाला. मग त्यानं पुन्हा गाडीला किक मारली.

आठवड्यानं पिठाच्या गिरणीवर त्याला कुसुमबाई भेटली. दत्तरावची बायको. नऊ महिने तिनं या घरातल्या कुणाशी शब्द काढला नव्हता. आज डबा खाली ठेवून ती त्याच्याजवळ आली.

"आदिनाथ, तुझी माय बायकांना सांगायली, माणूस भिंतीतून येतो मनून. तू शिकलेला हाइस. आमच्या माणसाची तर राखच झाली. त्याचं काय गणित हाय का?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर सोसता आलं असतं. ती खरोखर विचारत होती.

"न्हाई, काकी," आदिनाथ म्हणाला.

"जरा बी न्हाई?"

"जरा बी न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि आपला डबा उचलून रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढच्या मुलाखतीला आदिनाथ एकटाच गेला. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, "दादा, माय सांगती ते ऐकू नको. माणूस भिंतीतून जात न्हाई."

"मला काय येडा समजलास का?" हरिओम म्हणाला. "दहावीपस्तोर शिकलोय मी."

"मग जेवत कामून न्हाईस?"

हरिओमनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "घास उतरत न्हाई. पहिल्या दिवसापासून. दुसरा दांडा घालायच्या आधी दत्तरावनं माझ्याकडं बघितलं होतं रे. ताट समोर आलं की तेच दिसतं. माय मनली, हलका हो. मी मनलो, होतो. तिला वाटतं मी तिच्या शब्दानं करायलोय. वाटू दे. तेवढंच तिला बोलायला हाय. तू मधी पडू नको."

आदिनाथ मधे पडला नाही. पण दिवाळीआधी फैसला झाला, जन्मठेप, आणि हरिओमला हर्सूलच्या मोठ्या तुरुंगात हलवलं. बातमी ऐकून कस्तुराबाईनं पहिला प्रश्न हाच केला, "तिथल्या भिंती केवढ्या जाड हायेत?"

तिच्या तोंडाकडं बघून आदिनाथला ते आणखी वीस वर्षं ऐकायची ताकद उरली नाही. "माय, शून्य हाय," तो म्हणाला. "मी तवा चुकीचं सांगितलं."

"चुकीचं?"

"हो."

कस्तुराबाई त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. पोरं खोटं बोलली की तिला कळायचं. या वेळी कळलं नाही. "आन् तेच पोरांना शिकवतूस," एवढंच ती म्हणाली आणि उठून भांडी घासायला बसली.

हर्सूलला ती एकदाच गेली. पोचायला दुपार झाली. काचेपलीकडं हरिओम आला, फोन उचलून नेहमीसारखा हसला आणि तिच्या बोलण्याची वाट बघू लागला. "जेवत जा रे बाबा," ती म्हणाली. आणखी काही तिच्याजवळ नव्हतं. ती फोन कानाला धरून बसून राहिली, रडलीही नाही. वेळ संपायच्या आधीच तिनं फोन आदिनाथच्या हातात दिला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

"सांगितलंस तिला," हरिओम म्हणाला.

"सांगितलं."

"कामून सांगितलंस रे?"

दोघं फोन कानाला लावून समोरासमोर बसले होते, आणि नंबर पुकारणारा शिपाई येईपर्यंत अजून नऊ मिनिटं बाकी होती.