अनधिकृत उपकरण

रंगनाथ शिरुडेचा राग नाशिकच्या एम. जी. रोडच्या त्या अख्ख्या गल्लीला माहीत होता. गिऱ्हाइकानं गेमचा कंट्रोलर टेबलावर जरा आपटून ठेवला तरी तो भडकायचा. कुणी "काका, काहीतरी जुगाड करून द्या ना" म्हणालं, की वस्तू त्याच्या हातात परत देऊन बाहेरचा रस्ता दाखवायचा. जुगाड म्हणे! तीस वर्षं टेबलाशी वाकून पाठीचं धनुष्य झालं, ते काय जुगाड करायला?

दुकानाच्या पाटीवर अजून 'शिरुडे टीव्ही गेम' असंच होतं, कारण धंदा सुरू केला तेव्हा लोक त्याला टीव्ही गेमच म्हणत. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, वायरचा कंट्रोलर खुपसायचा आणि दोन बटणं बडवत बसायचं. पुढे बटणं वाढली, अंगठ्याखाली स्टिक आल्या, गोळी लागली की कंट्रोलर हातात थरथरायला लागला, मग वायरही गेली. प्रत्येक नवा कंट्रोलर रंगनाथ पहिल्याच आठवड्यात उघडून बघायचा आणि बनवणाऱ्याला मनातल्या मनात शाबासकी द्यायचा. तिथवर त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यानंतरच्या कारभाराबद्दल. आता खेळ दुकानातून घरी येत नव्हता, इंटरनेटवरून उतरत होता. त्याला खातं लागायचं, दर महिन्याला वर्गणी लागायची, आणि आपल्या घरातल्या वस्तूनं आपण खेळायचं की नाही, हे कुठल्यातरी परक्या मुलखातला सर्व्हर ठरवायचा. माझ्या स्क्रू ड्रायव्हरला उद्या हे परवानगी मागायला लावतील, असं तो म्हणायचा.

त्या मंगळवारी दुपारी हर्षल शेजवळ ओझरहून बसनं आला आणि त्यानं फोन टेबलावर ठेवला. स्क्रीनवर कंपनीची नोटीस होती. 'अनधिकृत उपकरण वापरून फसवणूक केल्याचे आढळले आहे. आपले खाते कायमचे बंद करण्यात येत आहे.'

"आठ वर्षांचं खातं हाय काका," हर्षल म्हणाला. "शाळेत असल्यापासूनचं."

रंगनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते अनधिकृत उपकरण त्यानं स्वतःच्या हातानं बनवलं होतं.

हर्षल तेवीस वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी अंबडच्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसमध्ये त्याचा उजवा हात मनगटाच्या वरपासून गेला. त्यानंतर सहा महिन्यांनी तो या दुकानात आला आणि म्हणाला, एका हातानं खेळता येईल असं काही होईल का? रंगनाथनं तीन महिने खपून ते केलं. डाव्या हातात अर्धा कंट्रोलर, उजवी स्टिक एका पट्टीवर बसवून गुडघ्याशी बांधलेली, आणि गोळी झाडायला शिवणयंत्राच्या मोटरचं पायाखालचं पॅडल. हे सगळं एकत्र जोडणारा एक छोटा बोर्ड मध्ये होता. चार वेळा तो फसला, पाचव्यांदा जमला. त्या दिवशी रंगनाथनं कधी नव्हे ते गल्लीत सगळ्यांना चहा पाजला होता. आता नव्या अपडेटनं नेमका तो बोर्ड पकडला होता. नेम आपोआप लागावा म्हणून काही लबाड पोरं तसलेच बोर्ड वापरत, त्यामुळे कंपनीनं सगळ्यांना एकाच काठीनं झोडपलं होतं.

"टीमवाले काय म्हणतात?" रंगनाथनं विचारलं.

"चीटर म्हणत्यात. इंदूरवाल्यानं तर आईवरून शिवी दिली. रविवारी स्पर्धा हाय, मला काढून टाकलं."

"अरे, मग सांगून टाक ना त्यांना! एक हात नाही, म्हणून असा कंट्रोलर आहे."

"नाय सांगणार." हर्षलनं मान वर केली. "ते माझा नुसता आवाज ऐकत्यात. दोन वर्षं झाली, त्यांना म्हाईतच नाय. ओझरात मी दिसलो की बाया चुकचुकत्यात. मामा माझ्या ताटातली भाकरी मोडून देतो. खेळात मात्र माझा नेम चुकला की ते मला लय घाण शिव्या देत्यात काका, बरोबरीनं देत्यात. चीटर म्हणू दे, चाललं. बिचारा म्हणलेलं मला चालायचं नाय. आणि तुम्ही बी कुणाला सांगायचं नाय."

रंगनाथनं होकाराची मान हलवली. हलवली खरी, पण त्याचं अर्धं लक्ष त्या नोटिशीवर होतं. फसवणूक! त्याच्या दुकानातून निघालेल्या वस्तूवर असा शब्द आजवर कुणी वापरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर तो कंपनीशी भांडायला बसला. मुलगी निकिता कॉलेजला जाण्याआधी दुकानाचा फोन आणि इन्स्टाग्राम सांभाळायची, तिनं त्याला तक्रारीची खिडकी उघडून दिली. पलीकडे माणूस नव्हताच, यंत्र होतं. 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो,' असं ते म्हणालं.

"तुझ्या बापाला तरी समजल्या होत्या का?" रंगनाथ ओरडला.

"पप्पा, ते ऐकत नाही, टाइप करावं लागतं," निकिता म्हणाली.

त्यानं टाइप केलं. एका बोटानं, तासभर. बोर्ड कशासाठी आहे, पॅडल कुठून आणलं, नेम धरायला त्यात काहीही नाही, हवं तर उघडून बघा. यंत्रानं उपकरणाचं प्रमाणपत्र मागितलं. कसलं प्रमाणपत्र? रंगनाथनं दुकानाच्या लायसनचा फोटो पाठवला. अकरा मिनिटांत उत्तर आलं, की आपल्या प्रकरणाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला असून निर्णय अंतिम आहे. अकरा मिनिटं! एवढ्या वेळात त्याला एक स्टिकसुद्धा नीट बदलता येत नसे, आणि यांनी पोराची आठ वर्षं काळजीपूर्वक निकालात काढली. गुरुवारी त्यानं पुन्हा लिहिलं, पुन्हा वाटाण्याच्या अक्षता. शुक्रवारी तर यंत्रानं शेवटी विचारलं, की आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं.

त्याच्या दुकानाची एक जुनी पद्धत होती. दुरुस्त झालेली वस्तू देताना गिऱ्हाइकाला समोर बसवून ती चालवायला लावायची आणि त्याचा व्हिडिओ काढून ठेवायचा. उद्या कुणी येऊन 'तुम्ही दिलात तेव्हाच बंद होता' म्हणालं, तर तोंडावर दाखवायला बरा पडतो. हर्षलचाही असा व्हिडिओ फोनमध्ये होता. पूर्ण चार मिनिटांचा. डावा हात झरझर चालतोय, गुडघा इकडून तिकडे फिरतोय, पाय पॅडलवर नाचतोय, आणि उजवी बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली. हर्षल हसत होता.

"हा टाक," रंगनाथ म्हणाला. "आणि खाली लिही, याला फसवणूक म्हणतात का, सांगा."

निकितानं व्हिडिओ पाहिला. "पप्पा, हर्षलदादाला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? कंट्रोलर मी बनवला, चोर मला ठरवलंय. दुकान माझं, व्हिडिओ माझा."

"पण यात त्याचा चेहरा दिसतो."

"अगं, त्याच्याच भल्यासाठी आहे ना! टाक म्हणतो तर!"

शेवटी तिनं टाकला. रंगनाथला मंगळवारी हलवलेली मान आठवली नाही, असं नव्हे. आठवली होती. पण रागात माणसाला आपलंच खरं वाटतं, आणि त्याला तर बारा महिने राग येत असे.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ नाशिकभर झाला, शनिवारी सकाळी देशभर. लोकांनी कंपनीला धारेवर धरलं, जगातल्या सगळ्या भाषांत शिव्या घातल्या. दुपारी तीन वाजता कंपनीनं जाहीर माफी मागितली. हर्षलचं खातं सुरू केलं, वर जन्मभराची वर्गणी माफ केली, आणि त्याच्या फोटोखाली लिहिलं, 'जिद्दीला सलाम'. रंगनाथनं पेढे आणले. गल्लीतल्या प्रत्येकाला तोंड गोड करून तो सांगत सुटला, की सातासमुद्रापलीकडच्या कंपनीला शिरुडेनं गुडघ्यावर आणलं. हर्षलला त्यानं सहा वेळा फोन लावला. त्यानं उचलला नाही. कामात असेल, रविवारची तयारी चालली असेल, असं रंगनाथनं स्वतःला समजावलं. रविवारी उचलला नाही, सोमवारीही नाही.

मंगळवारी दुपारी हर्षल स्वतःच आला. खांद्यावरची पिशवी त्यानं टेबलावर उपडी केली. कंट्रोलर, पट्टी, पॅडल, सगळं घरंगळत आलं. एरवी रंगनाथ यावर केवढा तरी ओरडला असता.

"लावा," हर्षल म्हणाला.

"काय झालं? बिघडला का?"

"लावा म्हणलं ना! टीव्हीला लावा!"

त्याला तसं ओरडताना रंगनाथनं कधी ऐकलं नव्हतं. निकिता आतल्या स्टुलावरून उठली. रंगनाथनं वायर जोडल्या आणि पट्टी बांधायला खाली वाकला, तर हर्षलनं पाय मागे घेतला आणि दातात पट्टा धरून एका हातानं ती स्वतःच बांधली. मग त्यानं आपलं खातं उघडलं. नावापुढे कंपनीनं दिलेलं एक सोनेरी चिन्ह चमकत होतं, सगळ्यांना लांबून दिसावं असं.

खेळ सुरू झाला. मोडकी गोदामं, मध्ये मोकळा चौक. टीव्हीच्या स्पीकरमधून इंदूरवाल्याचा आवाज आला, "भाई, तू आराम से खेल. पीछे रह, हम हैं ना."

"ऐकलं?" हर्षल म्हणाला. "आठ दिवसांमागं हाच आईवरून बोलत होता."

त्यानं आपला माणूस गोदामाबाहेर काढला आणि भर चौकात उभा केला. समोरच्या भिंतीआडून विरुद्ध टीमचा एक जण धावत आला, त्यानं बंदूक रोखली. त्या माणसाच्या नजरेस सोनेरी चिन्ह पडलं असावं. त्यानं बंदूक खाली केली, हर्षलपुढे कमरेत वाकून नमस्कार केला आणि तसाच उभा राहिला.

"रविवारी अशीच स्पर्धा जिंकली आम्ही," हर्षल म्हणाला. मग त्यानं माइकचं बटण दाबलं. "मार ना! ए, मार ना रे!"

दुसरा एक आला. तोही वाकला. मग तिसरा. कुणीतरी माइकवर टाळ्या वाजवल्या. हर्षलनं पॅडलवर पाय आपटून एकाला गोळी घातली, दुसऱ्याला घातली, तिसऱ्याला घातली. कुणीही हललं नाही, कुणी उलटून एक गोळी झाडली नाही. हर्षलचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"मी काढून टाकतो तो व्हिडिओ," रंगनाथ म्हणाला. "निकिता, काढ गं, आत्ताच्या आत्ता काढ."

"पप्पा, तो आता फक्त आपल्याकडे नाही," निकिता म्हणाली.

रंगनाथनं कुणावर तरी ओरडायला तोंड उघडलं. पण कंपनीनं माफी मागितली होती, निकितानं आधीच विचारलं होतं, आणि समोरच्या पोरानं तर कुणाला सांगू नका म्हणून पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यानं तोंड मिटलं. स्वतःवरचा राग कसा काढायचा, ते त्याला ठाऊक नव्हतं.

हर्षलनं गुडघ्याची पट्टी सोडली आणि कंट्रोलर रंगनाथपुढे सरकवला.

"तुम्ही लय मोठे कारागीर ना काका," तो म्हणाला. "आता हे दुरुस्त करून द्या."

टीव्हीवर त्याची टीम जिंकल्याचं लिहून आलं.