मान डोलावणारे फोटो

शुक्रवार पेठेतल्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर झेंडूच्या माळा घातलेली जाडजूड फ्रेम होती. तिच्यात एका मेलेल्या म्हाताऱ्याचा फोटो, आणि शेजारी निंगप्पा महाराज.

"कैलासात नेटवर्क न्हाय, पण माझी हाक पोचती!" महाराज गरजले. "या यजमान, खाली या!"

फोटोतल्या म्हाताऱ्याने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि उजवा हात वर करून आशीर्वाद दिला. बायका रडू लागल्या. पुरुषांनी जमिनीला डोकी टेकली.

माझ्या सावित्रम्मा मावशीने माझा हात घट्ट धरला होता. "महेश्वरी, आता आपला शिवू येतोय बघ."

शिवू तिचा एकुलता एक मुलगा. होटगी रस्त्यावर ट्रकखाली गेला. तेव्हापासून मावशी जेवायची ती नवऱ्याच्या, म्हणजे सोमलिंगकाकांच्या धाकाने, आणि मधुमेहाची सुई घ्यायची तीही त्यांच्याच धाकाने.

महाराजांनी फ्रेमीवर भगवं कापड टाकलं, उचललं, आणि आत शिवू आला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर शाल. महाराजांनी आधीच्या आठवड्यात "शुद्धीसाठी" नेलेला तोच फोटो.

"शिवू, लई सुया टोचून घेतल्या रे," मावशी म्हणाली. "बंद करू का?"

शिवूने हात वर करून आशीर्वाद दिला आणि मान डोलावली. हो.

माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पण मी पोटापाण्यासाठी मुलांना कार्टून बनवायला शिकवते. डोळ्यांना ती सवयच लागलेली. हात वर जाण्याआधी जरासा खाली गेला. उडी मारणारं कार्टूनमधलं मांजर आधी दबून बसतं, तसा. हात थांबला, तरी शालीचं टोक मागाहून हललं. सशाचे कान असेच उशिरा थांबतात. आता हे सगळं जिवंत माणसातही थोडंफार असतं. पण मान खाली आली तेव्हा शिवूचं कपाळ चपटं झालं आणि वर जाताना लांबलं. विभूतीचे पट्टेसुद्धा ताणले गेले! जमिनीवर आपटणारा चेंडू आम्ही असाच चपटा काढतो, म्हणजे त्याला वजन आहे असं वाटतं. माणसाची कवटी रबराची नसते. आणि शिवू डावखुरा होता. आशीर्वाद मात्र त्याने उजव्या हाताने दिला, त्याच्या आधीच्या म्हाताऱ्यासारखाच, त्याच लयीत.

घरी येऊन मावशीने औषधांचा डबा माळ्यावर टाकला. मी कपाळाचं सांगून समजावलं, काका ओरडले, डॉक्टरांनी फोन केला. तिचं एकच उत्तर, "लेकराने सांगितलंय."

पुढच्या बैठकीला मी टॅबलेट घेऊन गेले. शिवूचा फोटो हलू लागताच सरळ व्यासपीठावर चढले आणि फ्रेमीमागची वायर उपटली. फोटो काळा पडला.

"ही फ्रेम नाही, टीव्हीचा पडदा आहे!" मी ओरडले. "तुमचे फोटो नेऊन त्यांचं कार्टून बनवतात. बटण महाराजांच्या मांडीखाली आहे, फोटो हलायच्या आधी त्यांचा हात तिकडेच जातो, उठवून बघा!"

महाराज जागचे हलले नाहीत. "आत्म्याला प्रकाश लागतो, बाई. लाईट तोडली, आत्मा गेला. तुजं पाप, मी काय करू?"

मी टॅबलेट उंच धरला. बैठकीच्या पत्रिकेवर छापलेल्या महाराजांच्या फोटोला मी घरी तीच हालचाल दिली होती. आमचे निंगप्पा महाराज पडद्यावर डोळे मिचकावून मान डोलावू लागले, कपाळ चपटं करून.

"बघितलंत? जिवंत माणूस समोर बसलाय, आणि हे मी घरी बसून केलं!"

पुढे बसलेल्या, आमच्या गल्लीतल्या सोजरबाई उठल्या, टॅबलेटजवळ आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "महाराज हितं बी प्रकटले की!"

मागून जयजयकार झाला. टॅबलेटवर फुलं पडली.

परतल्यावर मावशी घराच्या दारात थांबली. "कपाळाचं तू म्हनलीस ते मलाबी दिसलं गं. पण तो मान हलवीत व्हता की. तू वायर वढलीस, अन् माझा शिवू दुसऱ्यांदा गेला."

सुई तिने पुन्हा घेतली नाही. आधी पाय काळा पडला, मग ताप भरला. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. श्रावणात ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर सोमलिंगकाका माझ्याकडे आले. खिशातून मावशीचा फोटो काढून टेबलावर ठेवला.

"तुला येतंय न्हवं ते? हिला एकदा माझ्याकडं बघू दे."

"काका, ते खोटं असतं."

"ठावं हाय मला. तरी कर की."

मला ते करवलं नाही. त्यांनी फोटो उचलला आणि जिना उतरून गेले. आता ते दर सोमवारी तो फोटो घेऊन महाराजांकडे बसतात. गर्दी वाढलीय. महाराजांनी अक्कलकोट रस्त्यावर मोठा हॉल घेतलाय.

तेव्हा एवढंच सांगते. चित्र हलतं, कारण कुणीतरी ते हलवतं. तुमच्या माणसाच्या फोटोने मान डोलावली, तर रडा, पण डोळे उघडे ठेवून रडा. कपाळ चपटं होतंय का ते बघा, फ्रेमीमागे वायर आहे का ते बघा. आणि औषध बंद करायचं की नाही, हे जिवंत डॉक्टरला विचारा. मेलेली माणसं सल्ला देत नाहीत. त्यांच्या तोंडून जो बोलतो, त्याला तुमच्या जिवाची फिकीर नसते.