मजकूर मी ऐकला

भाडे. घरमालकाने भाडेकरूचे पाणी तोडणे म्हणजे त्याला घराबाहेर काढणेच होय, स्वल्पविराम, त्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही, पूर्णविराम.

छापखान्यात तिला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी पाचला बंद, मध्ये जाहिराती नाहीत. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने महिनाभरात दिलेल्या निकालांचं एक जाड मासिक इथून निघायचं. मूळ निकाल हातात धरून ती मोठ्याने वाचायची, आणि समोर बसलेले मुद्रितशोधक मास्तर कच्च्या पानावर पेन्सिल फिरवत चुका टिपायचे. स्वल्पविराम, कंस, परिच्छेद, सगळं तोंडाने बोलायचं. सोळा वर्षं हेच. घरी भाजी आणायला सांगतानाही तिच्या तोंडून पूर्णविराम निघायचा.

तिचा एकेक शब्द सुटा यायचा, ओठ स्वच्छ हलायचे. मास्तर नव्या माणसांना सांगत, "हिच्यासारखं वाचणारं शोधून सापडणार नाही."

ते तिला आत्यामुळे आलं होतं. आत्याला सातव्या वर्षी मोठा ताप आला आणि उतरताना तो दोन्ही कान घेऊन गेला. माणसाच्या ओठांकडे बघून आत्या बोलणं ओळखायची. आई लवकर गेली. या पोरीला आत्याने वाढवलं, आणि पोर बोलायला शिकली तीच ओठ नीट हलवून.

त्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. वडील जाऊन महिना झाला होता.

"रविवारी जेवायला ये. एक सही आहे."

"कसली?"

"घराची गं. नेहमीचीच. बहिणीने भावाला द्यायची असते ती. घर विकायचं ठरलंय. आणि आत्याचीही सोय बघितलीय. वृद्धाश्रमात जागा मिळतेय, चांगली मोकळी हवा आहे."

"आत्याला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? तिला ऐकू थोडंच येतंय!" दादा हसला. स्वतःच्या विनोदावर तो लहानपणापासून असाच हसायचा.

तिने फोन ठेवला. ती नऊ वर्षांची होती तेव्हाच जे काय रडायचं ते रडून झालं होतं.

---

ते जेवणाचं टेबल.

त्यांच्या घरात बायकांच्या सह्या जेवणाच्या वेळी होत. ताटं वाढून झाली, वाफा निघू लागल्या, सगळे बसले, की कागद पुढे यायचा. फक्त शेवटचं पान, वरची पानं दुमडलेली. "कर सही, जेवण गार होतंय." कागद वाचत बसली तर ती बाई सगळ्यांना उपाशी ठेवणारी ठरायची. आजीने अशी केली. तिच्या आधी आजीच्या नणंदेने केली. या रीतीला कुणी रीत म्हणत नसे, प्रेम म्हणत.

आजोबा गेल्यावर आत्याची पाळी आली. आत्या तेव्हा तिशीची होती. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी, तिचं शिलाई मशीन होतं आणि गिऱ्हाइकं दारातूनच माप देऊन जायची. वडिलांनी ओठ हलवून सांगितलं, "घरपट्टीचा कागद आहे." आत्याने सही केली, सगळे जेवले. कागदात खरं काय होतं ते तिला कुणी कधी सांगितलं नाही. महिन्याभराने वडिलांनी मशीन उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथे खिडकी नव्हती. मशीनची खालची बाजू धरली होती पंधरा वर्षांच्या दादाने. जाताना तो म्हणाला होता, "आत्या, आता तुझा खडखडाट आम्हाला ऐकू येणार नाही."

गिऱ्हाइकं तुटली. मागच्या खोलीत माप द्यायला कोण जातं?

नऊ वर्षांची मुलगी दारात उभी राहून हे बघत होती.

---

विमा. दस्ताच्या अखेरीस 'वाचून दाखविला' असे शब्द आहेत एवढ्यावरून तो वाचून दाखविला असे गृहीत धरता येणार नाही, अर्धविराम, ते सिद्ध करण्याची जबाबदारी दस्ताचा फायदा घेणाऱ्यावर

ती थांबली. सोळा वर्षांत वाक्याच्या मध्ये ती कधी थांबली नव्हती.

मास्तरांची पेन्सिल हवेत राहिली. "रेडिओ? वीज गेली का?"

"मास्तर, हे फक्त विम्याला लागू होतं का?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "खटला विम्याचा आहे. पण पान उलट. पुढे मुदतीचा निकाल आहे, मी काल वरवर चाळला. कुणाचा कागद आहे?"

"आमचा."

"मग वाच. आज जरा हळू वाच."

मुदत. फसवून घेतलेल्या दस्ताविरुद्ध दाद मागण्याची मुदत सहीच्या दिवसापासून नव्हे, स्वल्पविराम, फसवणूक कळली त्या दिवसापासून मोजावी, पूर्णविराम.

तो पूर्णविराम तिने एवढ्या जोरात उच्चारला की पलीकडे बांधणी करणाऱ्या बाईने सुई थांबवून मान वर केली.

---

नोकरी. (याचं काही नाही. त्या महिन्यात नोकरीबद्दलही एक निकाल होता. तो वाचून झाला आणि मधल्या सुट्टीत ती नोंदणी कार्यालयात गेली.)

खिडकीतल्या कारकुनाने बत्तीस वर्षांपूर्वीच्या दस्ताची नक्कल काढून दिली. पाच पानं. जिन्यावर उभ्याउभ्याच तिने ती वाचली, धंद्याच्या सवयीने, एकेक अक्षर. चार पानांत आत्याने आपला अर्धा हिस्सा राजीखुशीने भावाला सोडला होता. पाचव्या पानावर, सहीच्या अगदी वर, लिहिणाऱ्याने नेहमीची ओळ घातली होती. कुणाच्या कागदावर घालतोय याचा विचार न करता घातली होती.

वरील संपूर्ण मजकूर मला मोठ्याने वाचून दाखविला, तो मी नीट ऐकला, मला समजला व मान्य आहे.

तिने ती ओळ तीनदा वाचली आणि जिन्यावरच बसली. खाली लोक ये-जा करत होते. ती हसत होती, आणि ते हसू बघून एका शिपायाने लांबून वळसा घातला.

संध्याकाळी मागच्या खोलीत, दिव्याखाली, तिने आत्याला समोर बसवून सगळा कागद वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला आत्याने हात वर केला.

"थांब. काय केला मी?"

"ऐकलास. मोठ्याने वाचलेला."

आत्याने आपल्या दोन्ही कानांना हात लावून पाहिलं, जणू ते जागेवर आहेत का ते बघावं. मग ती म्हणाली, "माझ्या भावाला एवढंही आठवलं नाही?"

आत्या उठली, पेटीतून शाळेचा दाखला काढला. बहिऱ्या मुलांच्या शाळेचा. चारही कोपरे झिजलेले, पण शिक्का स्पष्ट.

"हा मी कशाला जपला मला कळत नव्हतं," आत्या म्हणाली. "घे."

पोरीला न्याय हवा होता असं म्हणणं खोटं ठरेल. तो शब्द ती रोज पन्नास वेळा वाचायची. तिला दादाचं तोंड बघायचं होतं. आत्याच्या नावाने दाव्याचे कागद तिने शुक्रवारीच न्यायालयात दाखल केले. रविवारी ती नुसती जेवायला गेली.

---

वारसा.

टेबलावर ताटं वाढलेली. दादा, वहिनी, दादाचा वकील. मागच्या खोलीतून आत्यालाही आणून बसवलं होतं, कारण खोली सोडण्याची तिचीही सही हवी होती. वाफा निघत होत्या. कागद आला. शेवटचं पान, वरची दुमडलेली.

"करा सह्या, जेवण गार होतंय," दादा म्हणाला. अगदी वडिलांच्या आवाजात.

"होऊ दे," ती म्हणाली. "वाचून दाखव."

"काय?"

"शेवटी लिहिलंयस ना, वाचून दाखवला म्हणून? मग दाखव. आत्याला ओठ दिसतील असं बस."

वहिनीने पदर सावरला. "अहो ताई, असं काय करता? मी नाही का माझ्या भावांना दिली सही? हसत दिली. घरात कुणी वाचतं का?"

"वहिनी, तुम्ही काय दिलंत ते माहितीय तुम्हाला?"

वहिनींनी वाढलेल्या ताटात पुन्हा भात वाढला.

वकील मध्ये पडला. "बाई, हा सगळा औपचारिक भाग असतो."

"तुम्ही आमचं मासिक घेता ना, वकीलसाहेब? या महिन्याचं अजून आलं नसेल. मी त्यातलं एक वाचते." आणि तिने पाठ म्हटलं, विम्याचं आणि मुदतीचं, स्वल्पविरामांसकट. वकिलाने घास खाली ठेवला.

मग तिने जुन्या दस्ताचं पाचवं पान दादापुढे सरकवलं. "हे वाच. नवं राहू दे."

दादाने वाचलं. सुरुवातीला तडातडा, मग अडखळत. "…मोठ्याने वाचून दाखविला, तो मी नीट…"

"पुढे?"

"…ऐकला."

आत्या त्याच्या ओठांकडे बघत होती. "काय म्हणालास? परत म्हण."

"ऐकला," दादा म्हणाला. त्याच्या कानशिलांना घाम फुटला होता.

"परत. मला नीट दिसलं नाही."

तीनदा म्हणायला लावलं आत्याने. तिसऱ्या वेळी नुसते ओठ हलले, आवाज निघालाच नाही. आत्याने मान डोलावली. "हां, आता ऐकला."

वकील दादाच्या कानाशी कुजबुजला. टेबल लहान होतं, सगळ्यांना कळलं. आत्याचा अर्धा हिस्सा परत उभा राहिला तर उरलेल्या अर्ध्याचे दोन भाग होतात, एक बहिणीचा. दाव्याची नोंद झालेलं घर कोणी विकत घेणार नाही.

"तुला हवंय तरी काय?" दादा ओरडला.

"मशीन."

"घेऊन जा ना! कोण अडवतंय?"

"मी नाही. तू उचलायचंस. पुढच्या खोलीत, खिडकीशी. त्या दिवशी खालची बाजू धरली होतीस ना, आजही तीच धर."

"आणि मग दावा मागे घेशील?"

"नाही."

"मग मी का उचलू?"

"कारण आत्या पुढच्या खोलीत बसणार हे निकाल लागेपर्यंत तू थांबवू शकत नाहीस, हे तुझे वकीलसाहेब तुला आत्ता सांगतील. दुसऱ्या कुणी उचललं तर ते नुसतं मशीन हलवणं होईल. मला तुझे हात लागलेले बघायचेत."

वकिलाने खरंच मान हलवली. एवढंच नाही, दुसरी बाजू त्यानेच धरली. मागच्या खोलीतून, बोळातून, जेवणाच्या टेबलाच्या बाजूने ते लोखंडी धूड दोघांनी वाहिलं. दादाचं बोट दाराच्या चौकटीत चेपलं. तिने ते पाहिलं आणि नजर हटवली नाही. कुणी क्रूर म्हणेल. म्हणू दे. नऊ वर्षांच्या मुलीला तेव्हा कुणी काय म्हणायचं ते विचारलं नव्हतं.

जेवण गार झालं. ते तसंच गार खाल्लं तिने, पोटभर.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "ताई, माझ्याही कागदावर ती ओळ असेल का हो?"

"सगळ्यांच्या असते."

"मग मी कुठे…"

"नोंदणी कार्यालय. मधल्या सुट्टीत जा, तेव्हा खिडकीशी गर्दी नसते."

वाचणाऱ्या भावांनो, तुमच्याही कपाटात असा एक दस्त आहे. नाही म्हणू नका. त्याच्या शेवटच्या पानावर जिची सही आहे तिला आज समोर बसवा आणि पहिल्या पानापासून वाचा. तुमच्याच्याने वाचवत नसेल तर का वाचवत नाही ते तिलाच सांगा.

---

ताबा.

दावा चालू आहे. तारखा पडतात. पुढच्या खोलीच्या खिडकीत आत्याने पाटी लावली आहे, आणि गिऱ्हाइकं परत दारातून माप देऊन जातात. त्या खोलीच्या बरोबर वर दादाची झोपायची खोली आहे. दादा दुपारी जेवून आडवा होतो, आणि नेमका तेव्हाच आत्या पायाखालचं लोखंड हलवते. जुनं यंत्र आहे, सगळं घर खडखडतं.

पहिल्या आठवड्यात दादा खाली आला आणि दारात उभा राहून ओरडला. आत्या शिवण शिवत राहिली. मग त्याने पुढे येऊन मशीनवर हात आपटला, तेव्हा तिने वर पाहिलं.

"हे बंद कर! झोप लागत नाही!"

आत्याने दोरा दातांनी तोडला.

"लेखी आण," ती म्हणाली. "आणि मला वाचून दाखव."